सुटीच्या कार्डावर एक ओळ वाढवा : गुदद्वार पाहिले

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बाळंतपणानंतर सुटी होताना आईच्या हाती जे कार्ड पडते, त्यावर बाळाचे वजन, रक्तगट, बीसीजी, पोलिओचे थेंब, हिपॅटायटिस-बी ची लस असे सगळे लिहिलेले असते. बाळाचे गुदद्वार डोळ्यांनी पाहिले, ते जागेवर आहे आणि पहिली काळी शी अमुक वाजता झाली, ही ओळ मात्र पुष्कळ कार्डांवर नसते. आम्ही भ्रूणविज्ञान शिकवतो. नागपूर जिल्ह्यातल्या प्रत्येक प्रसूतिगृहाने, सरकारी असो की खाजगी, ही ओळ कार्डावर घ्यावी एवढ्यासाठी हे पत्र आहे. साधारण ५,००० जन्मांत एका बाळाचे गुदद्वार तयारच झालेले नसते किंवा भलत्या जागी उघडलेले असते. जवळपास तेवढ्याच प्रमाणात दुसरा एक दोष आढळतो. त्यात गुदद्वार जागेवर असते, पण आतड्याच्या शेवटच्या तुकड्यात चेतापेशी पोहोचलेल्या नसतात. दोन्ही दोष पहिल्या दोन दिवसांत ओळखता येतात.

असे बाळ जन्मले की घरातला पहिला सवाल आईला होतो. ग्रहणात विळी धरली होतीस का, पपई खाल्लीस का, जड उचललेस का? या सवालाचा हिशेब एकदा मांडायलाच हवा. समजा एखादीची शेवटची पाळी १५ एप्रिल २०२५ ला आली. प्रसूतीची तारीख निघते २२ जानेवारी २०२६, आणि गर्भधारणा झाली असेल २९ एप्रिलच्या सुमारास. गुदद्वार आणि मूत्रमार्ग वेगळे होण्याचे काम गर्भधारणेपासूनच्या सातव्या आठवड्याअखेर आटोपते, म्हणजे १७ जूनच्या आसपास. दुसरी पाळी चुकून तेव्हा जेमतेम आठवडा झालेला असतो आणि गर्भ असतो शेंगदाण्याएवढा, दीड-दोन सेंटीमीटर लांबीचा. ७ सप्टेंबरचे खग्रास चंद्रग्रहण लागले तेव्हा हे काम संपून बारा आठवडे होत आले होते. विळीचा आणि गुदद्वाराचा संबंध लावायला जागाच उरत नाही. (सोनोग्राफीच्या रिपोर्टवरचे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, ते गर्भाच्या खऱ्या वयापेक्षा दोनने जास्त असतात. रिपोर्टवर नववा आठवडा असेल तर गर्भ सात आठवड्यांचा.)

त्या सात आठवड्यांत काय होते ते थोडे जवळून पाहू. चौथ्या आठवड्यात चपट्या चकतीसारखा असलेला गर्भ कडांनी आणि टोकांनी आत वळतो. बलकपिशवीचा वरचा भाग त्या वळणात आत घेतला जातो आणि त्याचीच आतड्याची नळी बनते. नळीचे तीन भाग मानतात : अग्रांत्र, मध्यांत्र आणि पश्चांत्र. पश्चांत्रापासून आडव्या मोठ्या आतड्याचा शेवटचा तिसरा हिस्सा, डावीकडून खाली उतरणारे आतडे, सिग्मॉइड, मलाशय आणि गुदमार्गाचा वरचा भाग तयार होतो. या सगळ्याला रक्त पुरवणारी मुख्य धमनी एकच, इन्फीरिअर मेझेंटेरिक. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनला आतडे खाली ओढून आणताना याच धमनीच्या फांद्या सांभाळाव्या लागतात.

पश्चांत्राचे शेवटचे टोक सुरुवातीला एका सामाईक पोकळीत उघडते. तिला अवस्कर म्हणतात. शाळेत बेडकाच्या धड्यात हा शब्द सगळ्यांनी वाचलेला आहे. बेडकात आणि कोंबडीत ही पोकळी जन्मभर राहते, विष्ठा, मूत्र आणि अंडी यांना वाट एकच. सस्तन प्राण्यांत अंडी घालणाऱ्या प्लॅटिपसमध्ये ती अजून टिकून आहे. गाय, कुत्रा, उंदीर, माणूस यांच्या गर्भात मात्र तिची वाटणी होते. पुढचा भाग मूत्राशय आणि मूत्रमार्गाला जातो, मागचा मलाशयाला. दोहोंच्या मध्ये वरून उतरणारी ऊतींची पाचर म्हणजे मूत्र-गुद पडदा. अवस्कराचे तोंड बाहेरून एका पातळ पापुद्र्याने झाकलेले असते. त्या पापुद्र्यात मधला थर नसतो, म्हणूनच तो पुढे फाटू शकतो.

जुनी पुस्तके सांगत की हा पडदा दुकानाच्या शटरसारखा खाली येतो, पापुद्र्याला चिकटतो आणि त्याचे दोन भाग करतो. विद्यार्थ्यांना लक्षात ठेवायला हे चित्र सोयीचे आहे, आणि आजही पुष्कळ जण तेच पाठ करून येतात. गर्भाचे बारीक छेद घेऊन त्रिमितीय मांडणी केल्यावर वेगळे दिसले. पडदा स्वतः फारसा उतरत नाही. गर्भाचे शेपटीकडचे टोक वळते, अवस्कराची मागची भिंत वाढते, आणि पापुद्रा व पडद्याचे टोक एकमेकांजवळ येतात. मग पापुद्र्यातल्या पेशी ठरल्यासारख्या मरतात आणि तो विरतो. पडद्याचे टोक दोन द्वारांच्या मधली जागा बनून उरते. बिघाड कुठे होतो तेही यातून कळते. आखूड शेपटीच्या उंदरांच्या एका जातीत हा दोष आपोआप येतो. त्यांच्या गर्भात अवस्कराच्या पापुद्र्याचा मागचा भागच तयार झालेला नसतो. मलाशयाला योग्य जागी उघडायला दारच नाही, मग ते पुढे मूत्रमार्गाशी किंवा योनिमुखाशी असलेली जुनी जोडणी तशीच ठेवते. सॉनिक हेजहॉग नावाचे जनुक काढून टाकलेल्या उंदरांत तर अवस्कराची वाटणीच होत नाही. माणसाच्या बहुतेक बाळांत असे एखादे बोट ठेवण्याजोगे कारण सापडत नाही. डाऊन सिंड्रोमच्या काही बाळांत हा दोष दिसतो, आणि गर्भधारणेच्या वेळी आईची साखर फार वाढलेली असणे हा एक ज्ञात धोका आहे. मधुमेह असलेल्या स्त्रीने मूल होऊ देण्याआधीच साखर आटोक्यात आणावी ती याचसाठी. पुढच्या मुलात हाच दोष येण्याची शक्यता साधारण शंभरात एक सांगतात, तेव्हा दुसऱ्या बाळाला घाबरण्याचे कारण नाही.

अगदी खालचा दोनेक सेंटीमीटरचा भाग वेगळ्या मुळाचा. तो बाहेरच्या त्वचेच्या खळग्यातून वर जातो आणि पश्चांत्राला भेटतो. ही भेट झाली त्या जागी मोठ्या माणसाच्या गुदमार्गात दातेरी रेष राहते. रेषेच्या वरची चेता आतड्याची, खालची त्वचेची. आतला मूळव्याध रक्त पाडतो पण सहसा दुखत नाही, बाहेरचा बसू देत नाही, त्याचे मूळ या सात-आठ आठवड्यांत आहे. रबर बँड लावणारे डॉक्टर तो रेषेच्या वर लावतात. चुकून खाली लागला तर रुग्ण तिथेच ओरडतो.

आता मुख्य मुद्दा, तपासणी. तिला यंत्र लागत नाही, एक मिनिट लागते. बाळ पुसून कोरडे झाल्यावर, अंगावर ऊब असताना, उजेडाखाली उताणे ठेवावे. एका हाताने दोन्ही घोटे धरून पाय पोटाकडे उचलावेत, दुसऱ्या हाताने कुल्ले अलगद फाकवावेत, चिकटलेला पांढरा थर ओल्या कापसाने पुसावा. मग तीन गोष्टी पाहाव्यात. भोक आहे का. ते योग्य जागी आहे का, म्हणजे सुरकुत्यांच्या गडद वर्तुळाच्या मधोमध आहे की पुढे सरकलेले. आणि कापसाने कडेला हलका स्पर्श केल्यावर ते आकसते का. मुलगी असेल तर द्वारे मोजावीत : लघवीचे, योनीचे, शौचाचे. तीन भरली पाहिजेत. एकच दिसले तर अवस्कर तसाच राहिला आहे आणि हा दोष सगळ्यांत अवघड. मुलगा असेल तर शिवणीच्या रेषेवर, म्हणजे अंडकोशापासून गुदद्वाराकडे जाणाऱ्या मधल्या रेषेवर, काळा दोरा किंवा मण्यासारखा ठिपका दिसतो का पाहावे, आणि शिश्नाच्या टोकाशी गॉजचा तुकडा ठेवून लघवी हिरवट-काळी येते का ते बघावे.

इथे होणारी चूक ठरलेली आहे. दुपट्याला काळी शी लागलेली दिसते आणि सिस्टर समाधानाने पुढच्या बाळाकडे वळतात. मुलींमध्ये सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात मलाशय योनिमुखाच्या आतल्या किनारीवर बारीक भोकाने उघडलेले असते. शी तिथूनही होते. पहिले काही आठवडे ती पातळ असल्याने अडत नाही. वरचे दूध किंवा खिमट सुरू झाले की घट्ट होते, मूल कुंथते, पोट फुगते, आणि तेव्हा कुणीतरी लंगोट काढून नीट बघते. तोवर वरचे मलाशय ताणून सैल झालेले असते आणि बद्धकोष्ठ पुढे अनेक वर्षे पुरते. दुसरी चूक थर्मामीटरची. गुदद्वार उघडे आहे हे पाहायला तो आत घालण्याची सवय काही ठिकाणी होती. बारीक भोकातही तो जातो, त्यामुळे दिलासा खोटा मिळतो, आणि जोर लागला तर मलाशयाला छिद्र पडते. आधी डोळ्यांनी पाहायचे. शंका उरलीच तर मऊ रबरी नळी जेलीत बुडवून, कुठेही न रेटता.

भोक नाही असे दिसले तर त्या जागी सुई टोचू नये, ब्लेडने चीर देऊ नये. गावाकडे कुणी तसे सुचवले तरी नाही. त्वचेखाली मलाशय किती वर आहे ते कुणाला दिसत नसते, आणि वाटेतच ती आवळणारी स्नायूची कडी असते जिच्या जोरावर हे मूल पुढे शी धरून ठेवणार आहे. बाळाला तोंडाने काही देऊ नये, मध-साखरपाणीही नाही. नाकातून जठरात ८ नंबरची नळी घालून तिचे टोक उघडे ठेवावे आणि अधूनमधून सिरिंजने ओढावे. शिरेतून १० टक्के डेक्स्ट्रोज, पहिल्या दिवशी किलोमागे ६० मिलिलिटरच्या हिशेबाने. व्हिटॅमिन के १ मिलिग्रॅम दिले आहे की नाही हे चिठ्ठीवर लिहावे. मग आईच्या किंवा मावशीच्या छातीशी उघड्या अंगाला लावून, वर शाल गुंडाळून पाठवावे. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याकडून आणि सीमेपलीकडच्या बालाघाट-शिवनीहूनही बाळे नागपुरात मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा एम्सला येतात. थंडीत इतक्या लांबच्या प्रवासात बाळ गार पडले तर भूल देणाऱ्यापुढे मूळ दोषाआधी हाच प्रश्न उभा राहतो.

इथे पोहोचल्यावर नातेवाईक चिडतात, कारण डॉक्टर पहिला दिवस ऑपरेशन करत नाहीत. त्याचे कारण समजून घ्यावे. जन्मल्यावर मलाशयाचे टोक भोवतीच्या स्नायूंनी दाबून मिटलेले असते. गिळलेली हवा तिथवर जायला १८ ते २४ तास लागतात, आणि तेवढा दाब आला की शिवणीवर किंवा लघवीत काळी शी उमटते. त्याआधी काढलेला एक्स-रे मलाशय उगीच वर असल्याचे दाखवतो आणि बाळाला नको ते ऑपरेशन होते. दरम्यानच्या वेळात हृदयाचा इको, मूत्रपिंडांची सोनोग्राफी, पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे आणि अन्ननलिकेत नळी जठरापर्यंत जाते का, हे तपासून घेतात. हे अवयवही त्याच आठवड्यांत घडत असतात आणि दोष कधी कधी जोडीने येतात.

शिवणीवर वाट दिसली तर नवजात अवस्थेतच एका छोट्या ऑपरेशनात काम होते. ती दिसली नाही तर आधी पोटावर शौचाची वाट, म्हणजे कोलोस्टॉमी. आतड्याची दोन तोंडे वेगवेगळी काढतात. जोडून ठेवली तर शी खालच्या तुकड्यात उतरते आणि लघवीत जंतू जातात. काही आठवड्यांनी खालच्या तोंडातून औषध सोडून एक्स-रे काढतात, त्यात मलाशय मूत्रमार्गाला नेमके कुठे जोडले आहे ते दिसते. मग मुख्य ऑपरेशन. मेक्सिकोत अल्बर्टो पेन्या यांनी १९८० च्या सुमारास ही पद्धत बसवली आणि १९८२ मध्ये पीटर डिव्ह्रीज यांच्यासह ती प्रसिद्ध झाली. पाठीमागून बरोबर मध्यरेषेवर चीर, विजेच्या हलक्या झटक्याने स्नायू आकसतो कुठे ते पाहायचे, आणि त्या कडीच्या मधोमध मलाशय बसवायचे. यातला अवघड क्षण मलाशय मूत्रमार्गापासून सोडवण्याचा. जोडणीच्या लगेच वर दोघांची भिंत एकच असते. पडद्याचे काम जिथे थांबले तिथे दोन भिंती कधी बनल्याच नाहीत, म्हणून सुरीला वाट सापडत नाही आणि सर्जनला मिलिमीटर-मिलिमीटरने ती तयार करावी लागते. भ्रूणविज्ञानाचे तास कंटाळवाणे वाटणाऱ्या विद्यार्थ्याने हे ऑपरेशन एकदा उभे राहून पाहावे.

ऑपरेशननंतर दोन आठवड्यांनी धातूच्या किंवा प्लास्टिकच्या सळईने नवे गुदद्वार दिवसातून दोनदा रुंद करायचे असते. आठवड्याला एक नंबर वाढवत वयाप्रमाणे ठरलेल्या नंबरापर्यंत जायचे, चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला १२, वर्षाच्या आसपास १४. हे आई-वडिलांनी घरी करायचे काम आहे, आणि बिघडते ते इथेच. मूल रडते, आजीला बघवत नाही, आठ दिवस सुटतात, कडा आकसून कडक होते आणि दुसरे ऑपरेशन लागते. पहिल्या वेळी डॉक्टरांसमोर दोघांनीही करून दाखवावे, एकट्या आईवर टाकू नये. पुढे शी कितपत धरता येईल हे माकडहाडावरच्या त्रिकास्थीच्या वाढीवरून बऱ्यापैकी सांगता येते. ते नीट वाढलेले असेल तर आशा चांगली, अर्धवट असेल तर रोज ठरल्या वेळी एनिमा देऊन मूल दिवसभर कोरडे ठेवता येते आणि शाळेतही जाते.

दुसऱ्या दोषाविषयी, म्हणजे हर्शस्प्रुंग आजाराविषयी. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हॅराल्ड हर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये तो मांडला. आतडे पुढे ढकलणाऱ्या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत. मानेच्या भागातल्या चेता-शिखेतून, म्हणजे गर्भात मज्जारज्जू बनताना त्याच्या कडेने सुटणाऱ्या पेशींच्या पट्ट्यातून, त्या निघतात, पाचव्या आठवड्याच्या सुमारास आतड्यात शिरतात आणि बाराव्या आठवड्यापर्यंत चालत शेवटच्या टोकाला पोहोचतात. त्या वाटेत थांबल्या तर खालचा तुकडा कोरा राहतो. कोरा तुकडा सैलच पडत नाही, आणि वरचे चांगले आतडे त्याच्यामागे तुंबून फुगते. मुलग्यांत हा आजार मुलींच्या जवळपास चौपट.

त्याची पहिली खूण घड्याळात असते. पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळांपैकी बहुतेकांना पहिली शी २४ तासांत होते, ४८ तासांत जवळजवळ सर्वांना. त्यापुढे वाट पाहू नये. आणि इथे एक घरगुती उपाय घात करतो. विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून किंवा साबणाची बारीक वात करून आत घातली की शी होते, घर निश्चिंत होते आणि आजार झाकला जातो. (दोन-तीन महिन्यांच्या, अंगावर पिणाऱ्या, हसऱ्या बाळाला पाच दिवस शी झाली नाही तर ते वेगळे, त्यात सहसा काळजी नाही.) पोट ताणलेले, हिरवी उलटी, बोट घालून काढताच वारा आणि पातळ शी जोराने बाहेर येणे, अशी लक्षणे असतील तर दातेरी रेषेच्या थोडे वरून तुकडा घेऊन तपासावा लागतो. फार खालून घेतला तर उपयोग नाही, निरोगी बाळातही रेषेलगत चेतापेशी विरळच असतात. अशा बाळाला ताप, दुर्गंधीयुक्त जुलाब आणि फुगलेले पोट एकदम दिसले तर रात्र असली तरी निघावे. दवाखान्यात आतडे धुतात ते कोमट सलाइनने, एका वेळी किलोमागे १० ते २० मिलिलिटर. साध्या किंवा साबणाच्या पाण्याने घरी धुऊ नये. ते पाणी रक्तात शोषले जाते, सोडियम उतरते आणि झटके येतात.

जनावरे बाळगणाऱ्या वाचकांसाठी एक गोष्ट. वासरू जन्मल्यावर चीक पाजण्याआधी शेपटी उचलून बघा. शेणाची वाट नसलेली वासरे जन्मतात, कालवडीत शेण योनीतून येते. पोट दाबल्यावर शेपटीखाली फुगवटा आला तर पशुवैद्य जागा बधिर करून वाट काढू शकतात, फुगवटा नसेल तर आतडे वरच संपलेले असते. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेता येते. घरी चाकू लावू नका.

सोनोग्राफी नॉर्मल होती, मग हे कसे, असे लोक विचारतात. पोटातले बाळ गर्भजल गिळते, पण ते वरच्या आतड्यातच शोषले जाते. बाळ पोटात सहसा शी करत नाही. त्यामुळे खालचे दार बंद असले तरी वरचे आतडे फुगत नाही आणि पाचव्या महिन्याच्या तपासणीत बहुधा काही दिसत नाही. यात रेडिओलॉजिस्टचा दोष नाही. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत दुभंगलेला ओठ, वाकडा पाय, मोतीबिंदू असे नऊ जन्मजात दोष नावानिशी आले, त्यांत गुदद्वाराचे नाव नव्हते. म्हणजे भिस्त राहते ती प्रसूतीच्या खोलीतल्या त्या एका मिनिटावर. आशाताई ३ ऱ्या, ७ व्या, १४ व्या, २१ व्या, २८ व्या आणि ४२ व्या दिवशी घरी येतात. निदान तिसऱ्या दिवशीच्या भेटीत त्यांनी वजन घेताना लंगोट पूर्ण काढून बघावे.

कार्डावर छापायचा मजकूर आम्ही सुचवतो : "गुदद्वार : पाहिले, जागेवर / पुढे सरकलेले / नाही. मुलगी असल्यास द्वारे : ३ / २ / १. पहिली शी : तारीख, वेळ, कुठून. तपासणाऱ्याची सही." रबरी शिक्का करून घेतला तर नवी कार्डे छापून येईपर्यंत जुन्यांवरही तो मारता येईल.

आपले,
भ्रूणविज्ञान शिकवणारे दोन शिक्षक, नागपूर